आई एक, नावे चार

वडील २०२२ च्या ऑगस्टमध्ये गेले. तेराव्यानंतर दादाने आणि मी कागदपत्रांचे कपाट उघडले, तेव्हा आमची कल्पना एवढीच होती की मृत्यूचा दाखला जोडून आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज द्यायचा, बँकेतील संयुक्त खाते तिच्या एकटीच्या नावावर करून घ्यायचे आणि गावच्या जमिनीला वारसनोंद लावायची. दोन-तीन महिन्यांत हे उरकेल असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात पावणेदोन वर्षे गेली, कारण कागदोपत्री आमची आई एक व्यक्ती नव्हतीच.

तिचे खरे नाव येथे लिहिणे योग्य नाही, म्हणून बदललेली नावे घेते. माहेरी ती इंदुमती. १९६७ साली लग्न झाले तेव्हा, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि ती वसुधा झाली. तांदूळ ताटातून डब्यात गेले आणि नाव बदलल्याचा पुरावाही त्यांच्याबरोबर गेला. विवाह नोंदणी कोणी केली नव्हती. १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाखाली जुन्या विवाहाचीही उशिरा नोंद करता येते, हे आम्हाला पुढे कळले. पण त्यासाठी पती-पत्नी दोघांनी निबंधकापुढे हजर राहून सही करावी लागते आणि आमच्याकडे आता एकच सही उरली होती.

कपाटातले सगळे कागद जेवणाच्या टेबलावर पसरून मी एका फुलस्केप कागदावर रकाने आखले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर इंदुमती, पुढे आजोबांचे नाव आणि माहेरचे आडनाव. बँकेच्या पासबुकावर, मतदार ओळखपत्रावर आणि पॅन कार्डावर वसुधा, मात्र पॅनवर वडिलांच्या नावाच्या जागी आमच्या वडिलांचे, म्हणजे तिच्या यजमानांचे नाव छापलेले. आधार कार्डावर इंग्रजी स्पेलिंग ठीक, पण मराठीत 'वासुधा'. वडिलांच्या निवृत्तिवेतन प्रदान आदेशावर, म्हणजे ज्याला सगळे पी.पी.ओ. म्हणतात त्यावर, पत्नीचे नाव 'वसुधाबाई'. आणि गंमत म्हणजे त्याच कागदात वडिलांच्या नावालाही कोणीतरी 'राव' जोडलेले. माहेरच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर, आजोबांच्या पश्चात लागलेल्या वारसनोंदीत, भावांच्या ओळीखाली पुन्हा इंदुमती, पुढे 'भ्र.' आणि वडिलांचे नाव. हा 'भ्र.' म्हणजे भ्रतार, नवरा, हे दादाने मला समजावून सांगितले. जुन्या महसुली कागदांत बाईची ओळख अशीच लिहीत. कुठे 'भ्रतार', कुठे 'कोम', कुठे 'जौजे'.

जन्मतारीख तेवढी सगळीकडे सारखी होती, १ जून १९४६. आई श्रावणातली, नागपंचमीच्या आसपासची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी त्या काळी असंख्य मुलांना दिली तीच १ जून तिलाही दिली. सगळ्या कागदांचे ज्या एका गोष्टीवर एकमत होते, ती खोटी होती. मी त्या रकान्याला हात लावला नाही आणि इतरांनाही तोच सल्ला देईन: तारीख खरी असण्यापेक्षा सारखी असणे उपयोगाचे आहे. वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर निवृत्तिवेतनात वाढ मिळते, आणि तेव्हा कोणी श्रावण विचारणार नाही.

आता आमची चूक सांगते, कारण पुढचा बराचसा त्रास तिच्यातून आला. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन आम्ही गेलो, तेव्हा खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने पी.पी.ओ. आणि आधार शेजारी शेजारी ठेवले, दोन्हींवर बोट फिरवले आणि म्हणाला, "ताई, ह्या वसुधाबाई, आणि ह्या वासुधा. ही व्यक्ती तीच कशावरून?" आई शेजारी उभी होती. पी.पी.ओ.वर तिचा वडिलांबरोबरचा फोटोही होता. तरीही त्याचे म्हणणे नियमाला धरून होते, हे आज मला मान्य आहे. पण त्या दिवशी मी चिडले आणि चिडलेल्या माणसाला जो उपाय सर्वांत जवळचा वाटतो तोच केला. पी.पी.ओ. बदलणे अवघड, आधार बदलणे सोपे, तेव्हा आधारवरच 'वसुधाबाई' करून टाकू, असे ठरवून आम्ही ओळखीच्या राजपत्रित अधिकाऱ्यांकडून विहित नमुन्यात फोटोसह प्रमाणपत्र घेतले आणि आधार केंद्र गाठले.

आधारमधील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. हे मला माहीत नव्हते असे नाही. कुठेतरी वाचले होते, पण दोन म्हणजे पुष्कळ, असे वाटले होते.

केंद्रावरचा तो तास मला अजून आठवतो. आईच्या बोटांचे ठसे उमटेनात. पन्नास वर्षे भांडी घासून, कणीक मळून आणि पाणी उपसून बोटांवरच्या रेषा जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या. केंद्रचालक मुलगा चांगला होता. त्याने ओल्या फडक्याने तिची बोटे पुसली, मग कोरड्याने पुसली, काचेवर आपल्या हाताने हलकेच दाबून धरली. "आजी, जोर लावू नका, नुसते टेकवा," असे तो म्हणत राहिला आणि आई प्रत्येक वेळी अधिकच जोर लावत राहिली. सातव्या की आठव्या वेळी हिरवी खूण आली. मग त्याने इंग्रजी नाव टंकित केले, तसे खालच्या ओळीत मराठी नाव आपोआप उमटले, आणि पहिल्याच अक्षराला पुन्हा काना! 'वासुधाबाई'. तेव्हा उलगडा झाला की मूळ 'वासुधा' कोणाच्या अज्ञानातून आलेली नव्हती. इंग्रजीतला 'ए' अ आहे की आ, हे यंत्राला कळत नाही आणि खालची ओळ वाचून पाहण्याची उसंत रांगेमुळे कोणाला नसते. ती ओळ हाताने दुरुस्त करता येते, पण पावती छापण्यापूर्वी सांगावे लागते. पावतीवरील दोन्ही लिप्यांतील मजकूर अक्षर-अक्षर लावून वाचल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये, ही एक गोष्ट मी त्या दिवशी बरोबर केली.

महिन्याभराने 'वसुधाबाई' हे नाव असलेले आधार आले, आणि त्यासरशी बँकेतील वसुधा आणि पॅनवरील वसुधा या दोघीही परक्या झाल्या. तेव्हा आधार व पॅन जोडण्याची मुदत जवळ येत होती; शेवटची तारीख ३० जून २०२३ होती आणि विलंबशुल्क १,००० रुपये. वयाची ८० वर्षे पूर्ण केलेल्यांना या जोडणीतून सूट आहे, पण आई ७६ वर्षांची होती. जोडणी होण्यासाठी नाव, जन्मतारीख आणि लिंग हे तिन्ही जुळावे लागतात. नाव जुळेना. पॅन निष्क्रिय झाले तर वडिलांच्या ठेवींवरील जे व्याज आता आईच्या हाती येणार होते, त्यावर १० ऐवजी २० टक्के कर कापला गेला असता आणि कर कापू नका म्हणून द्यायचा तिचा १५एच हा अर्जही बँकेने ग्राह्य धरला नसता. निवृत्तिवेतन बंदच होते. घर दादाच्या पगारावर चालत होते म्हणून आईला उणे पडले नाही, पण आपले स्वतःचे पैसे अडले आहेत ही गोष्ट तिला लागली होती. ती बोलत नसे. फक्त पोस्टमन आला की दाराशी जाई.

वाट दाखवली ती वडिलांच्या जुन्या कार्यालयातील एका अधीक्षकांनी. निवृत्तीला काही महिने उरलेला माणूस. त्यांनी माझा रकान्यांचा कागद शांतपणे वाचला आणि विचारले, "यांतला कोणता कागद बदलायला सर्वांत अवघड, ते सांगा." मी पी.पी.ओ. म्हणाले. ते म्हणाले, "नाही. पी.पी.ओ. सेवापुस्तकावरून तयार होतो. सेवापुस्तकात काय आहे ते पाहू. 'बाई' हा मान आहे, नाव नव्हे. कोणीतरी मानाने लिहिले असणार." आम्ही आठ महिने नावांचा पाठलाग करत होतो, आणि कोणता कागद कोणत्या कागदावरून जन्मला, हा प्रश्न आमच्या डोक्यातच आला नव्हता.

सेवापुस्तक शोधायला त्यांना तीन आठवडे लागले. वडिलांनी नोकरीच्या सुरुवातीच्या काळात भरून दिलेला कुटुंबाच्या तपशिलाचा कागद त्यात टाचलेला होता, निळ्या शाईत, त्यांच्या उभट अक्षरात. पत्नीचे नाव या रकान्यात लिहिले होते: 'सौ. वसुधा', आणि खाली कंसात, कोणी मागितले नसताना, '(माहेरचे नाव इंदुमती)'. माझे वडील घरातल्या वाणसामानाच्या यादीतही 'साखर (बारीक)' असे कंस करीत आणि आम्ही त्यांची थट्टा करीत असू. आईची दोन्ही नावे एकत्र असलेला, जुना, सरकारी शिक्का असलेला जगातला एकमेव कागद तो होता. त्याची साक्षांकित प्रत आईला दाखवली तेव्हा ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "शाई अजून तशीच आहे."

मग क्रम लागला. ठरले असे की वसुधा हेच नाव कायम ठेवायचे आणि बाकीच्या सर्वांना त्याच्याकडे वळवायचे. पी.पी.ओ.तील दुरुस्तीचा प्रस्ताव वडिलांच्या शेवटच्या कार्यालयामार्फत महालेखापालांकडे जातो. महाराष्ट्रात ही कार्यालये मुंबई आणि नागपूर अशा दोन ठिकाणी आहेत आणि जिल्ह्यानुसार प्रकरण कुठे जायचे ते ठरते. प्रस्तावासोबत सेवापुस्तकातील त्या पानाची प्रत, १०० रुपयांच्या मुद्रांकावर वसुधा आणि वसुधाबाई ही एकच व्यक्ती असल्याचे आईचे प्रतिज्ञापत्र, आणि वडिलांच्या मृत्यूचा दाखला गेला. दरम्यान आम्ही आधारवरील दुसरी आणि शेवटची संधी वापरून, मतदार ओळखपत्राच्या आधाराने, नाव पुन्हा वसुधा केले. त्या वेळी केंद्रावर माझे हात आईच्या बोटांपेक्षा जास्त थरथरत होते. यापुढे काही चुकले असते, तर आधारच्या प्रादेशिक कार्यालयाकडे अपवाद म्हणून विनंती करण्याखेरीज मार्ग नव्हता. मे २०२३ मध्ये आधार व पॅनची जोडणी झाली. कुटुंब निवृत्तिवेतन त्याच सुमारास सुरू झाले आणि मागील थकबाकीही एकरकमी जमा झाली.

बँकेत एक वेगळाच पेच निघाला, जो कोणत्याही रकान्यात मी लिहिला नव्हता. आईची नमुना सही 'सौ. वसुधा' अशी होती. वडील गेल्यावर तिने सही करताना 'सौ.' लिहिणे आपणहून सोडले होते, आणि त्यामुळे पहिल्याच धनादेशाची सही जुळली नाही. शाखेतील मुलीने नवे सहीपत्र पुढे केले आणि सहज विचारले, "श्रीमती लिहिणार का मावशी?" आईने थोडा विचार करून नुसते नाव लिहिले, मागे-पुढे काहीही नाही. मला ते आवडले. स्वतः लग्नानंतर नाव बदलले नाही म्हणून मला त्या वेळी बोल लावणारी हीच आई होती, हे मी तिथे काढले नाही.

पॅनवरील वडिलांच्या नावाची चूक दुरुस्त करण्याची गरज कोणत्याही कार्यालयाला वाटत नव्हती. जोडणीत ते नाव तपासलेच जात नाही. मी ते तसेच सोडणार होते. पण आईला ती चूक कळली आणि तिने विचारले, "माझ्या बापाच्या जागी तुझा बाप कसा?" याला उत्तर नव्हते. १०७ रुपये भरून दुरुस्तीचा अर्ज केला. अर्जाच्या सूचना वाचताना एक मजेशीर बाब आढळली: लग्नामुळे नाव बदललेल्या स्त्रीसाठी पुरावा म्हणून लग्नपत्रिकाही चालते. आईची पत्रिका ट्रंकेच्या तळाशी होती, हळदकुंकवाचे डाग पडलेली. पण तिच्यात अर्थातच 'चि. सौ. कां. इंदुमती' होती, कारण पत्रिका छापली तेव्हा वसुधा अजून जन्मायची होती.

राहिली माहेरची जमीन, आणि येथे मात्र प्रतिज्ञापत्राने भागेना. मामेभावांना वाटप करून घ्यायचे होते. दस्त नोंदवताना आधारवरील नाव वसुधा आणि सातबाऱ्यावरील सहहिस्सेदार इंदुमती, तेव्हा वकिलांनी राजपत्रात नावबदल छापून आणल्याशिवाय पुढे जाऊ नका असे स्पष्ट सांगितले. एका मध्यस्थाने हे काम करून देण्याचे ५,००० रुपये सांगितले. आम्ही ते स्वतः केले आणि त्यात अवघड काही नव्हते. नाव बदलाच्या सूचना महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये छापल्या जातात. हे काम शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे आहे आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. जुने नाव, नवे नाव, कारण, फोटो, सही, ओळखीचे आणि जुन्या नावाचे पुरावे, शुल्क. जुन्या नावासाठी शाळेचा दाखला आणि दोन्ही नावांचा दुवा म्हणून वडिलांचा कंस जोडला. एवढेच सांगते की अर्जातील नाव दहा वेळा वाचावे, कारण जे टंकित होते तेच छापले जाते, आणि राजपत्रात चूक छापली गेली तर ती चूक मग पुराव्याचे रूप घेते.

राजपत्राची प्रत उतरवून घेऊन मी आईला पडद्यावर दाखवली. त्या पानावर तिच्यासारख्या कितीतरी बायका ओळीने होत्या, प्रत्येकीच्या डाव्या हाताला एक नाव आणि उजव्या हाताला दुसरे. आईने चष्मा लावून आपली ओळ सोडून बाकीच्याच वाचायला घेतल्या. "हिचे कुसुमचे काय केले बघ," असे म्हणत ती अर्धा तास त्यातच रमली.

तलाठ्यांकडे राजपत्राची प्रत आणि अर्ज दिल्यावर फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरील बदलाची नोंद, धरला गेला. हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात. हरकत घेणार कोण, भाऊच तर सहहिस्सेदार होते. त्यानंतर मंडल अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला. नोटीस जुन्या नावाने निघालेली असल्याने पोच म्हणून सही त्याच नावाने करावी, असे तलाठ्यांनी सांगितले. आईने पेन हातात घेतले आणि थांबली. मला वाटले तिला दिसत नाही, म्हणून मी रेघेवर बोट ठेवले. "दिसतंय गं, आठवते आहे," असे म्हणून तिने 'इंदुमती' लिहिले. मी तिची सही हजार वेळा पाहिली आहे, घाईची, तिरकी, शेवटचा काना लांबवलेली. हे अक्षर ते नव्हते. गोल, सुटे, शिरोरेषा पट्टीने आखल्यासारखी, सातवीच्या वहीतले. तलाठ्यांनी सही पाहिली, शिक्का मारला आणि पुढचा माणूस आत बोलावला.

ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेले हे काम मे २०२४ मध्ये संपले. रकान्यांचा तो कागद आता फाइलमध्ये सर्वांत वर लावला आहे, आणि त्याच्या मागे वडिलांच्या कंसाची साक्षांकित प्रत. रेशनकार्डावर 'वसुधाबाई' अजून आहे. आईने ते तसेच राहू दे म्हटले. वीजबिल अजून वडिलांच्याच नावाने येते, 'राव'सह. त्याचा अर्ज भरून ठेवला आहे.